नवव्या मजल्यावरचं कडुनिंबाचं रोप

६ नोव्हेंबर २००६
अनुष्काच्या शाळेतून पर्यावरणाच्या प्रोजेक्टसाठी कडुनिंबाचं रोप आलं. तीस दिवस रोज उंची मोजायची, वहीत लिहायची. सोबत तंबी – पालकांनी वहीला हात लावू नये! बरोबरच आहे. इथे गाझियाबादेत पोरांचे प्रोजेक्ट आयाच करतात.

८ नोव्हेंबर
या घरात आता रडायचीही चोरी! बाथरूममध्ये नळ सोडून रडत होते, तर दारावर धडका. "आई, नळ बंद कर ना! किती पाणी वेस्ट होतंय यार!" नऊ वर्षांची आहे, पण शाळेने घरात पोलीसच बसवलाय.
श्रीपाद सकाळी सातला गुडगावला ऑफिसला जातो. मग दिवसभर मी आणि भिंती. पुण्याची नोकरी सोडून हे पदरात पाडून घेतलं. कुणाला सांगू?

११ नोव्हेंबर
लिफ्ट बंद. कुठेच गेले नाही.

१३ नोव्हेंबर
रोप मेलं. मीच मारलं! "वापरलेलं पाणी झाडांना घाल," हे तिनेच शिकवलं, म्हणून फरशी पुसलेलं पाणी घालत होते. त्यात फिनाइल! अक्कल गहाण पडली होती माझी. ती शाळेत असतानाच नर्सरीतून तसंच दुसरं आणलं, त्याच कुंडीत लावलं.
संध्याकाळी पट्टी घेऊन बसली. "काल सतरा होतं, आज पंधरा?"
"थंडीने आकसतं," मी म्हटलं.
"अच्छा." माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

५ डिसेंबर
तीस दिवस संपले. वही शाळेत गेली.

७ डिसेंबर
तिच्या मॅमचा फोन – शनिवारी या, वहीबद्दल बोलायचंय. रोप बदललेलं कळलं असणार. लबाडी माझी, शिक्षा पोरीला! आता खरं सांगितलं तर ती माझ्यावर पुन्हा विश्वास कशाला ठेवेल?
श्रीपादला सांगितलं. "एवढंच ना?" म्हणाला, आणि ऑफिसच्या फोनवर बोलत बसला.

९ डिसेंबर
मॅमनी वही पुढे केली. आठवा दिवस – "रोप मेलं. आईने नवीन आणलं. मी तिला विचारलं नाही." त्यापुढे रोज दोन रकाने. रोप – पंधरा, पंधरा, साडेपंधरा. आई – रडली, रडली, रविवारी नाही, रडली.
घरी येऊन वही श्रीपादच्या हातात दिली. म्हटलं, फोन ठेव आणि वाच.