सात टक्के ओल

प्रिय ढब्बू,

शिपायाच्या हाती पाठवलेला तुझा जाड लिफाफा दुपारी मिळाला. आतले चार कागद टेबलावर पसरून वाचले आणि जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं. रंगारी आपल्या कारखान्याच्या शिडीवरून पडला तो स्वतःच्या चुकीनं, तुटलेल्या पायरीचं लाकूड नीट वाळवलेलं होतं, आणि तपासणीची प्रमुख म्हणून मी याची खात्री देते, असा सगळा मजकूर. खाली सहीची जागा, आणि तिथं पेन्सिलीनं मारलेली छोटी फुली. थापा वाचून आली नाही तेवढी शिसारी मला ती फुली बघून आली. बाबांना नीट दिसेनासं झालं तेव्हा तुझ्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी सही कुठं करायची हे दाखवायला मीच अशी फुली मारायचे. ते तू लक्षात ठेवलंस आणि ते इथं वापरलंस. धन्य आहेस बाबा.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण त्या चार कागदांत यातलं काहीच नाही. भट्टीवाले काका होते तोवर वाळवून आलेल्या प्रत्येक ट्रॉलीतली एक पायरी ते करवतीनं मधोमध कापायचे, गाभा बघायचे आणि नाकाशी धरून वास घ्यायचे. आपण दोघं त्यांच्या त्या वास घेण्याची नक्कल करून खिदळायचो. मग मायक्रोवेव्हची भट्टी आली, काका निवृत्त झाले, तू कारखान्याचा मॅनेजर झालास आणि चांगली पायरी कापणं म्हणजे शुद्ध नासाडी असं ठरवलंस. आणि तुला हो कुणी म्हटलं? मीच. कुठलं लाकूड किती ओलं असताना मायक्रोवेव्हच्या किती लहरी पितं याचे तक्ते मी दोन वर्षं खपून केले होते ना. डायइलेक्ट्रिक गुणधर्म, असं जड नाव घेत मी सगळ्यांना शिकवत फिरायचे. ओलं लाकूड लहरी पितं आणि तापतं, कोरडं पीत नाही, म्हणून वाळलं की तापणं आपोआप थांबतं. कापून बघायची गरजच नाही, ट्रॉलीचं आधी आणि नंतर वजन करा, किती पाणी गेलं ते कळतं. काय तो माझा तोरा होता तेव्हा.

मग ती ट्रॉली आली. नेहमी बारा टक्के ओल उरायची, हिच्यात वजनावरून सातच निघाली. इतकं कोरडं लाकूड आपल्याकडे कधी निघालं नव्हतं. तू टाळ्या वाजवल्यास, माझा फोटो काढून फलकावर लावलास, आणि मी मान वर करून उभी राहिले. कोरडं लाकूड जर लहरी पीतच नाही तर ते सातवर गेलंच कसं, एवढा साधा प्रश्न पहिलीतल्या पोरानं विचारला असता. मी नाही विचारला. ढब्बू, गेलं ते नुसतं पाणी नव्हतं. गाभ्यात ओल जास्त होती, तिथं लाकूड आतल्या आत करपलं, आणि करपलेलं लाकूड ओल्यापेक्षाही जास्त लहरी पितं, म्हणून ते जळतच गेलं. वजन घटलं ते लाकडाचं. बाहेरून पायरी गोरीगोमटी. आपण कोळशाला कोरडेपणा समजलो, आणि तपासणीच्या दाखल्यावर मी सही केली.

गेल्या आठवड्यात मी दवाखान्यात जाऊन आले, हे तुला सांगितलं नव्हतं. रंगाऱ्याला कमरेखाली काही कळत नाही. कंपनीनं पाठवलेली फळांची टोपली त्याच्या उशाशी होती, चकचकीत कागदासकट, वर तुझ्या सहीचं कार्ड. तो मला म्हणाला, शिडी मीच नीट टेकवली नसणार, तुमच्या कारखान्याला उगाच त्रास झाला. माझी माफी मागत होता तो. त्याच्या बायकोनं मला चहा दिला आणि तुटलेल्या पायरीचा तुकडा हातात ठेवला, तुमच्या कामाचा असेल म्हणून. पेन्सिलीच्या शिशासारखा काळा होता मधून. मी तो पिशवीत टाकला, चहा संपवला आणि त्याची माफी तशीच घेऊन घरी आले. तुझी किळस येते म्हणून हे पत्र लिहायला बसले, पण खरं सांगायचं तर त्या चहाची चव आठवली की मला आधी स्वतःचीच येते.

त्याच ट्रॉलीतल्या गोदामात उरलेल्या पायऱ्यांपैकी पाच मी कापल्या. तीन काळ्या. तुला फोन केला तेव्हा वाटलं, तू हादरशील, विकलेल्या शिड्या परत मागवशील. तू म्हणालास, ताई, उरलेल्या जाळून टाक आणि जरा समजून घे. इतक्या शांतपणे म्हणालास की फोन ठेवल्यावर मी हात धुतले, दोनदा. तापात तुला पाठीवर घेऊन जिना चढलेय मी, तुझी ओकारी काढलीय, कधी नाक मुरडलं नाही.

पायऱ्या मी जाळलेल्या नाहीत. कापलेल्या पाचही आणि दवाखान्यातला तुकडा ट्रॉलीच्या नंबरासकट माझ्या घरी आहेत. त्या ट्रॉलीतून बासष्ट शिड्या झाल्या. एक तुटली, एकसष्ट बाहेर आहेत, त्यातल्या एखादीवर आत्ता कुणीतरी उभं असेल. दुकानदारांना मी दुपारपासून फोन करतेय, पण मॅनेजरचा हुकूम नसताना परत कोण घेणार, असं अर्धेजण म्हणतात. उद्या अकरा वाजता मला अपघाताच्या चौकशी अधिकाऱ्यापुढं बोलावलंय. माझी सही, तुझा हुकूम, तो फोन, मी सगळं सांगणार आहे, तुला गाळून काही सांगणार नाही. नुसतं सांगायचंच असतं तर पत्राची गरज नव्हती, तुला तिथंच कळलं असतं. पण माझ्या तोंडून कळलं तर तू पकडला गेलेला माणूस होशील, आणि तू स्वतः जाऊन सांगितलंस तर सांगणारा. ताई म्हणून तुला याहून जास्त काही देण्याची माझी आता इच्छा नाही. हे पत्र संध्याकाळी तुझ्या दारातल्या पेटीत टाकून जाते, बेल वाजवणार नाही. चौकशी अधिकाऱ्याची कचेरी दहाला उघडते.

तरीही तुझीच,
ताई