एकतीस जूनचं पाणी

३ मार्च
प्रबंध जमा करायला सतरा दिवस. दोनदा मुदतवाढ मिळाली, तिसरी नाही — ऑफिसातल्या बाईंनी तोंडावर सांगितलं. तिसरं प्रकरण मात्र खणखणीत! कारखाना येईपर्यंत तळ्याची पातळी हलली नाही. आल्यावर चार वर्षांत सात फूट उतरली. पुरावा — पंपघराच्या नोंदवह्या. आणि रोज सकाळी मोजपट्टी वाचून आकडा टिपणारा माणूस कोण? आमचे बाबा! पर्यावरणाचा इतिहास शिकायला मी उगाच नाही आले.

६ मार्च
आकडे शेवटचे ताडत होते. ३१ जून — अकरा फूट चार इंच.
एकतीस जून!!
आधी हसले. मग मागची-पुढची पानं पुन्हा चाळली.

७ मार्च
वाचनालयात वही उजेडात धरली. इतर पानांवर चिखलाचे डाग, ओल्या बोटांचे ठसे. मे ते सप्टेंबर मात्र पानं कोरी करकरीत, शाई एकच, अक्षर एका बैठकीतलं. घरी बसून ठोकून दिलंय सगळं! आणि तेही नेमकं कारखान्याआधीच्या शेवटच्या उन्हाळ्यात. पाणी तेव्हाच उतरायला लागलं असेल तर? तिसरं प्रकरण गेलं की प्रबंधच गेला.

९ मार्च
मार्गदर्शक सरांना दाखवलं. चष्माही वर केला नाही. "तेवढी तारीख गाळ. कोण वही उघडून बघायला बसलंय?" मी मान डोलावली. जिना उतरताना स्वतःचीच लाज वाटली.

१२ मार्च
बाबांना फोन. त्या उन्हाळ्यात रोज तळ्यावर जात होतात का, विचारलं.
"जात होतो की रोज."
"मग एकतीस जून कुठून आला, बाबा?"
"चुकलं असेल. तू जेवलीस का?"
माझं डोकंच फिरलं. "पगार तर घेत होतात ना त्याचा?" मी म्हणाले आणि फोन आपटला.
छातीवरचा भाजल्याचा व्रण खाजतोय. ताण आला की खाजतोच. तीन वर्षांची होते म्हणे तेव्हा, धाकटा भाऊ आईच्या पोटात. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

१३ मार्च
राग गेलेला नाही. काम शून्य.

१६ मार्च
आईचा फोन. "त्यांना काय बोललीस गं? चार दिवस घास उतरत नाहीये त्यांच्या घशाखाली." मी काही सांगायच्या आत — "तुझी दवाखान्याची जुनी फाइल पाठवलीये. तारखा बघ. तारखांचंच वेड आहे ना तुला!"

१९ मार्च
फाइल आली. साल तेच, कारखान्याआधीचं. दाखल — २ मे. घरी सोडलं — २९ सप्टेंबर. रोजच्या कागदावर, 'सोबत कोण' या रकान्यात, बाबांची सही. एकही दिवस चुकलेला नाही.
तिसऱ्या प्रकरणात लिहिलं : हे पाच महिने तळ्याची पातळी कोणीही मोजलेली नाही, कारखान्याआधी पाणी उतरलं का, सांगता येत नाही.
उद्या जमा करतेय. काय व्हायचं ते होवो. आधी बाबांना फोन.