टायर वॉल्व्हपाशी संपवायचा

अण्णा,

आज टायर चढवला मी. हातानं, लोखंडी पट्टी न लावता. एवढंच सांगायला बसलोय. तुमची तब्येत विचारण्यासारखं आता काही राहिलेलं नाही, आणि माझी तर तुम्ही होता तेव्हाही कधी विचारली नाहीत, त्यामुळे तो भाग सोडून देतो.

सायकल नातीची. मुलानं सकाळी नवा टायर माझ्या पुढ्यात ठेवला. "बाबा, तुमचं तर दुकान होतं ना ठाकुर्लीला? बसवून टाका, हिला संध्याकाळी क्लासला जायचंय," म्हणाला आणि कामावर निघून गेला. दुकान माझं नव्हतं, तुमचं होतं, आणि ते मला का मिळालं नाही हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. लादीला काळे डाग पडतील म्हणून पेपर अंथरले, पंप काढला, गॅस बंद आहे ना ते दोनदा बघून आलो. मग चाक मांडीवर घेतलं आणि मान वळवून मागे बघितलं. या वयात, मानपाड्याला दुसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या घरात, तुम्ही पाठीमागे उभे आहात असं वाटून. नाहीच जमलं तर मुलगा संध्याकाळी काय म्हणेल, तेही डोक्यात. टायर सगळा चढला आणि शेवटची वीतभर कड बाहेर राहिली. अगदी तेव्हासारखी.

तेव्हाचं तुम्हाला आठवत नसेल. तुमच्या लेखी ती गंमत होती. सातवीतून काढून तुम्ही मला रेल्वे फाटकाजवळच्या आपल्या सायकलच्या दुकानात बसवलंत. मास्तर घरी सांगायला आले, पोरगा बरा आहे, शिकू द्या. "शिकवतो की मी," तुम्ही म्हणालात. काय शिकवलंत? वॉल्व्ह भोकातून काढायचा, टायर वॉल्व्हपासून चढवायला घ्यायचा, दोन्ही हात फिरवत समोर नेऊन संपवायचा आणि शेवटची कड अंगठ्यांनी आत घालायची. लोखंडी पट्टीनं ट्यूब चावली जाते, म्हणून पट्टी लावणारा माणूस आपल्या दुकानात नको. हा तुमचा कायदा. तुमचे अंगठे खुंटीसारखे होते, ते जोरावर कड आत घालायचे. माझे तसे नव्हते.

मग धाकटा भाऊ हाताशी आला आणि तुमच्यानंतर दुकान कुणी बघायचं हे तुम्ही टायरवर सोडलंत: जो हातानं चढवेल त्याचं दुकान. सगळ्यांसमोर. पॉवर हाऊसचे कामगार बाकड्यावर चहा पीत बसलेत, मी घामानं भिजलोय, अंगठ्याची साल निघालीय. तुम्ही बशीतला घोट घेता आणि म्हणता, "हात आहेत का शेवग्याच्या शेंगा रे?" लोक हसतात. एक जण म्हणतो, "अण्णा, आमटीत टाका याला!" आणि तुम्हीही हसता. त्या माणसाला मी कधीच माफ करून टाकलं. तुम्हाला नाही. त्या दिवसापासून फाटकावर मला शेवग्या म्हणायला लागले. माझ्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी ओरडलं, ए शेवग्या, जिलबी आण. बायको अजून विचारते, सगळं खाता, शेवग्याची आमटी तेवढी का नको? काय सांगू तिला?

आता तुम्हाला कधीच न कळलेलं सांगतो. धाकट्यानं चाक घेतलं, तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकाला सायकल काढून द्यायला पलीकडे वळला होता. त्यानं कमरेला खोचलेला चमचा काढला, दांडा कडेखाली सारला आणि एका झटक्यात टायर आत. बाकड्यावरच्यांनी बघितलं आणि गालातल्या गालात हसले. तुम्ही वळून त्याची पाठ थोपटलीत. मी तोंड उघडलं असतं तर शेंग चुगल्या करते म्हणाला असतात. दुसऱ्या दिवशी त्याच चाकाची सायकल पंक्चर होऊन परत आली, आणि तुम्ही त्या गिऱ्हाइकालाच दटावलंत, "खिळ्यावर घातली असशील." अण्णा, तो खिळा नव्हता. तो आपल्या घरातला पोह्यांचा चमचा होता.

दुकान त्याला गेलं. मी या शेंगांनी रंगाच्या कंपनीत पिंपं उचलली, रिटायर होईपर्यंत. तुमच्या लाडक्यानं तुमच्या वर्षश्राद्धाच्या आतच शटर पाडलं. आज तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. हे लिहिताना बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू.

तर आज सकाळी मी पुन्हा तसाच अडकलो. बायको समोर मेथी निवडत बसली होती. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "अहो, ओढताय काय एवढं? कासार कधी बांगडी ओढतो का? तो हात चेपून बारीक करतो, बांगडी आपली आपण जाते."

"हे चाक आहे, हात नाही."

"मग चाक चेपा," ती म्हणाली आणि मेथीची दुसरी जुडी सोडायला लागली.

मी चिडलो. पण बोट रिमच्या आतून फिरवत राहिलो. रिमच्या मधोमध खोलगट चर असतो. टायरची कड काठावरून त्या चरात ढकलली की तेवढ्यापुरतं चाक बारीकच होतं की, आणि दुसऱ्या बाजूला टायर सैल पडतो. सगळीकडे कड चरात उतरली. वॉल्व्हपाशी मात्र उतरेना, तिथे वॉल्व्हचं बूड आडवं येतं. म्हणजे तुम्ही जिथून सुरुवात करायला लावत होता, तीच जागा टायरला ताणून धरत होती. मी सगळा टायर उतरवला. वॉल्व्हच्या समोरून सुरुवात केली, कड चरात दाबत दाबत दोन्हीकडून आलो, वॉल्व्हपाशी पोचलो, वॉल्व्ह जरा वर ढकलला आणि अंगठा टेकवला. टप्. गेला आत.

माझ्या हातांत खोट नव्हती, अण्णा. तुमचा कायदाच उलटा होता.

हवा भरली आणि चाक उचलून तुमच्या फोटोसमोर नेलं. एक गिरकी दिली. बायको म्हणाली, "नमस्कार करताय का आज त्यांना?"

"नाही," म्हटलं. "दाखवतोय."

संध्याकाळी नात "आजोबा, एकदम भारी!" म्हणत गेलीसुद्धा. हा कागद आता त्या पेपरांबरोबर रद्दीत जाईल, म्हणून एक गोष्ट लिहायला हरकत नाही. वॉल्व्ह किंचित तिरका राहिलाय. नातीला दिसला नाही, मुलालाही दिसणार नाही. तुम्हाला दारातूनच दिसला असता. ती क्लासहून आली की हवा सोडून सरळ करणार आहे.