डोरिसचे सहा, माझे सतरा

नोव्हाय, मिशिगन
बुधवार, १८ जून २०२५

एकनाथ गड्या,

नमस्कार घे. तुझा गुडघा, वहिनींची शुगर, नातवाचं ॲडमिशन, सगळं मार्गी लागलं असेल असं धरून चालतो. अक्षर बघून हसू नकोस, इथलं टेबल डुगडुगतं.

पत्र कशाला, फोन कर म्हणशील. फोनवर बोललो की रुचा स्वयंपाकघरातून ऐकते, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तुझी सून तुला मोठ्याने वाचून दाखवते. म्हणून पत्र.

लेकीकडे तसा मजेत आहे. जावई शांत. नात निधी, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर. रुचा मात्र कंजूस झालीय लेका! गेला महिनाभर मला अर्धाच कप चहा देतेय. अजून मागितला तर पुन्हा अर्धा.

ऑफिसला जाताना ती मला तळ्याकाठच्या एका विमान संग्रहालयात सोडते. तिथे आम्ही दहा-बारा म्हातारे फुकट राबतो. काम काय, ऐक. पाण्यावर उतरणारं प्रवासी विमान, पोट अगदी बोटीसारखं. १९३८ साली आराखडे काढले. चाळीस माणसं अटलांटिक पार करणार, झोपायला बर्थ, जेवायला टेबलं. मग युद्ध आलं. ॲल्युमिनियम बॉम्बर विमानांकडे वळलं, कारागीर फौजेत गेले, सांगाडा दोन वर्षं ताडपत्रीखाली. शेवटी बायकांनी येऊन पत्रे जोडणारे रिव्हेट मारले. ४४ साली विमान तयार झालं, पण तोवर युद्धानेच जागोजागी लांब धावपट्ट्या बांधून ठेवल्या होत्या. पाण्यावर उतरायची गरज कुणाला? एकच बनलं आणि पडून राहिलं. मला त्याची फार दया येते.

आता ते उडणार नाही, पण येत्या शनिवारी तळ्यात तरंगणार. आत आमची नातवंडं बसणार, निधी पहिल्या खिडकीशी. तिने सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवलंय.

विमानाच्या तळाची एक पत्र्याची पट्टी गेल्या आठवड्यात बदलली, पाणी भरून गळती तपासून झाल्यानंतर. बाहेरून वॉल्टर नावाचा एक म्हातारा रिव्हेट ठोकायची गन चालवत होता, आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायला मी. कारखान्यात सव्वीस वर्षं तुझी-माझी जोडी होती, तशीच. आतली बाजू कशी बसली ते फक्त मला दिसतं. उद्या दुपारी वर फळ्या बसवणार, मग कुणालाच दिसणार नाही. छान झालंय, असं मी वॉल्टरला सांगितलं.

टेबल डुगडुगत नाही, एकनाथ.

माझा उजवा हात कापतो. दिवाळीपासून. ठोकळा सरकला आणि सतरा रिव्हेट वाकडे बसले. तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पण रिव्हेट सांगायचे तर हात सांगावा लागतो. मग डॉक्टर, मग रुचाचा चेहरा, मग ‘बाबा, तुम्ही नुसते बसा’. इथे नुसतं बसायचं म्हणजे दिवसभर खिडकीतून शेजाऱ्याचं गवत बघायचं. भीती वाटते रे. त्या सतरातून पाणी येईल की नाही, मला छातीठोक सांगता येत नाही. निधी विचारते, ‘आजोबा, विल वुई गेट वेट?’ आणि मी विषय बदलतो.

आज टॉर्च घेऊन पुन्हा आत शिरलो. सांगाड्याच्या पलीकडच्या फासळीवर पेन्सिलीने काढलेला गोल, आत सहा रिव्हेट, खाली इंग्रजीत लिहिलेलं: ‘हे सहा वाकडे. माझे. डोरिस, १९४३.’ सहाही नंतर बदललेले, त्यांची डोकी वेगळी दिसतात. आपल्या शॉपमध्ये होतं ना, स्वतःचं बिघडलं की लाल खडूने गोल करायचा, टोकन नंबर लिहायचा, आणि ज्याने लिहिला त्याला कुणी बोलायचं नाही. त्या बाईला हे कुणी शिकवलं असेल? मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवार, संध्याकाळ

पत्र बंद केलं नव्हतं, बरं झालं. सकाळी निधीच्या खडूंच्या डब्यातला लाल खडू खिशात घातला. सतरा गोल काढले, सगळे वेडेवाकडे. वॉल्टरला आत बोलावून दाखवले, हातही दाखवला. त्याने एकेका गोलावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, ‘फळ्या उद्या बसवू.’ सतराही काढून नवे मारले. ठोकळा तिथेच मदतीला येणाऱ्या त्याच्या मुलीने धरला. मी टॉर्च धरला, डाव्या हाताने. उद्या सकाळी पुन्हा पाणी भरून बघायचंय. तोवर जिवाला चैन नाही.

येताना गाडीत रुचाला सांगितलं. तिने गाडी कडेला घेतली. म्हणाली, ‘बाबा, चहा अर्धा कप का देते मी? भरलेला तुमच्या हातून सांडतो, आणि तुम्ही गुपचूप बाहीने टेबल पुसता. तुम्ही कधी सांगताय, त्याचीच वाट बघत होते.’ आणि रडली रे. मीही रडलो. सोमवारी डॉक्टरकडे जायचंय. काय सांगतील कोण जाणे.

अक्षर लागत नसेल तर सुनेला दे. खुशाल मोठ्याने वाचू दे.

वाकडं आहे. माझं आहे.

गुरुनाथ
टोकन नंबर ४१७