घोड्याच्या पोटात

३ फेब्रुवारी
आले एकदाची! कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली, वर काचेचं छप्पर आणि खाली जिकडेतिकडे घोडे. मुलांना बसून डुलायचे, लाकडाचे. कुणाला डोकं नाही, कुणाला पाय नाहीत. लाकडाच्या वासाने इतकं घरच्यासारखं वाटलं, की कुणी न सांगताच झाडू हातात घेतला. रंगारीकाका म्हणाले, पहिल्याच दिवशी आमची लाज काढू नकोस, बाई. मालकांना सगळे उस्ताद म्हणतात. ते फार कमी बोलतात. त्यांच्या वाटचं मालकीणबाई बोलतात. उस्ताद त्यांना "अहो बाई" अशी हाक मारतात. थट्टा असावी.

रात्री बाबांना फोन केला. शाळेत घालायच्या आधी त्यांनीच मला फळीच्या तुकड्यांवर कोळशाने अक्षरं शिकवली, मग तीच कोरायला लावली. माझं लिहिणं आणि कोरणं एकाच वेळी हातात आलं. कामाचं त्यांनी काहीच विचारलं नाही. फक्त, जेवलीस का?

७ फेब्रुवारी
माझ्या पहिल्या घोड्याचं डोकं जमलं. नाकपुड्या तीनदा मोडून केल्या. धड मात्र फळ्यांची पोकळ पेटी असते. भरीव लाकूड वाळताना तडकतं. मी पेटी आतूनही घासली, तर रंगारीकाका हसून हसून बेजार. आत कोण बघायला जाणार आहे? मला माहीत असेल ना, मी म्हटलं. तुझं काही खरं नाही, म्हणाले.

११ फेब्रुवारी
इथे एक रीत आहे. शेवटची फळी चिकटवण्याआधी पोकळीला तोंड लावून आपली एक आठवण सांगायची. मालकीणबाई म्हणाल्या, म्हणून तर आपले घोडे जिवंत वाटतात. मी हसले. दुसरं कुणीच हसलं नाही. सगळे बाहेर गेले, दार लोटलं. सांगायचंच तर खरं सांगावं, म्हणून बाबा सांगितले. त्यांचा कोळशाने काळा झालेला हात, माझ्या हातावर ठेवलेला, सगळंच. मग सरस लावून फळी आवळली.

रंगारीकाकांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणे दर वेळी सासूची कटकट देतात, नाहीतर दाढदुखी. "अगं वेडे, काहीतरी फुटकळ द्यायचं असतं! इतकं प्रामाणिक व्हायला कुणी सांगितलं होतं?"

मस्करीच करत असणार.

१४ फेब्रुवारी
पटाशी हातात परक्यासारखी बसते. अंगठा कापला. घोड्याने मान किंचित डावीकडे कलती केली आहे, एकाच कानाने नीट ऐकू येणाऱ्या माणसासारखी. मी तशी कोरली नव्हती. कुणाची तरी लकब आहे. कुणाची?

१७ फेब्रुवारी
फोन आला. कुणी वयस्कर गृहस्थ. मला बाळा म्हणाले, जेवलीस का विचारलं. मी अदबीने म्हटलं, तुमचा नंबर चुकलाय. ते आधी हसले. मग आई फोनवर आली आणि कडाडली, बापाची थट्टा करतेस?

आई आठवते. ताटं वाढताना आठवते. तिच्या शेजारच्या ताटावर कोण—

१८ फेब्रुवारी
रंगारीकाका नजर चुकवत होते. तरी वदवून घेतलं. उस्ताद दर वेळी खरं तेच देत आले. आई दिली, लहानपण दिलं. शेवटी बायको. मालकीणबाईच त्यांची बायको आहेत.

मी बाईंकडे गेले. माझं मला परत द्या म्हटलं. पुढच्या वेळी लहानसं काहीतरी सांग, म्हणाल्या, घोडा उद्या गाडीत चढतो, आणि मिटलेलं पोट आम्ही उघडत नाही. उघडून पाहिलंय का कुणी, मी विचारलं. त्या म्हणाल्या, माझं काय गेलंय ते दिसतंय ना तुला?

दिसतंय. म्हणूनच.

१९ फेब्रुवारी, सकाळ
काही अक्षरं हाताला येत नाहीत. आहेत तोवर लिहिते.

दाराला आतून कडी घातली आहे. बाई बाहेरून थापा मारतात. मोगरी आणि पटाशी घेतली. घोडा आपला आपण डुलतो आहे. वारा नाही. चिडलाय. चिडू दे. मीच केलाय त्याला.

उस्ताद मागच्या दाराने आले. वाटलं, आता धरतात मला. ते घोड्याखालच्या वाकड्या फळीवर पाय रोवून उभे राहिले. विचारलं, आत कुणाचं आहे? माझ्या बापाचं, मी म्हटलं. तोंड आठवत नाही. पण माझं आहे.

मग मार, म्हणाले.

घाव घातला— जोडाला फट पडली— सगळे डुलायला लागलेत, भिंतीपाशी ठेवलेले, ज्यांना अजून पाय नाहीत तेसुद्धा— फळ्या ओरडतायत—

बाहेर बाई रडतात. उस्ताद विचारतात, कोण रडतंय? तुमची बायको, मी ओरडून सांगितलं. ते जाऊन कोपऱ्यातला त्यांचा जुना घोडा ओढत आणतायत. तो जागचा हलत नाही. मलाही हात लावावा लागेल—

आधी माझा. लाथ मारली त्याने, मनगट— डाव्या हाताने लिहि—

मार लाथा. देणार नाही. ऐकतोस? नाही दे