लाल एस्केप

४ ऑक्टोबर

नाही म्हणजे नाही. रबर लावणार नाही.

पंडितचा फोन होता. म्हणे, "यंदा सगळे मऊ बसवतायत. तूही बसव, उगाच हट्ट कशाला?" पंडित म्हणजे आमच्या कीबोर्डवेड्यांच्या मंडळाचा स्वयंघोषित कान. कुठलाही कीबोर्ड पुढे ठेवा, चार बटणं दाबतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. त्याला सांगितलं, हट्ट उगाच नाहीये, चांगला विचार करून धरलाय.

बटण दाबलं की बोटाला कळलं पाहिजे. बटणांचे स्विच ज्यात बसतात ती प्लेट रबरी पट्ट्यांवर तरंगत ठेवणं म्हणजे गादीवरून चालणं. ज्यांना आवडतं त्यांनी चालावं. माझी प्लेट थेट बॉडीला स्क्रूने आवळलेली असेल. फोम नाही, रबर नाही, मधे काहीच नाही.

मंडळ यंदा एकच डिझाइन बनवायला घेणार आहे. पाच जणांचे नमुने, त्यातला एक. बाकी चौघांनी आपापला नमुना घरी न्यायचा आणि कपाटात ठेवायचा. पाचांत एक धाकटीचा, माझ्या बहिणीचा आहे. तिचा अर्थातच रबरावरचा.

६ ऑक्टोबर

मागच्या खोलीतलं धाकटीचं स्टूल आज बाहेर काढलं. आई म्हणाली, "असू दे की, खायला मागतंय का?" म्हटलं, पायात येतं. संध्याकाळी बघते तर पुन्हा आत! वर कपड्यांच्या घड्या रचून ठेवलेल्या. म्हणजे आता ते धाकटीचं स्टूल नाही, कपड्यांचं आहे, आणि मी हलवायचं नाही.

इतकी वर्षं ह्याच टेबलाशी दोघी बसलो. मी आखायचं, तिने जुळवायचं. एकेक स्विच उघडायची, तेल द्यायची, स्प्रिंग बदलायची, आणि कीबोर्ड माझ्यासमोर सरकवून म्हणायची, "ताई, बघ." मी टाइप करायचे, ती माझ्या हातांकडे बघत बसायची.

मग ह्या उन्हाळ्यात तिला रबराचं खूळ लागलं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "तू लोकांसाठी बनवतच नाहीस, ताई. स्वतःसाठी बनवतेस." मी म्हटलं, "आणि तू दहा जणांना विचारून बनवतेस. तुझं स्वतःचं काही आहे का त्यात?" स्प्रिंगांचा डबा उचलून गेली. आता पुलापलीकडे खोली घेऊन राहते. डबा माझा होता.

आईचं म्हणणं, "लोक जमिनीवरून भांडतात. बटणांवरून भांडणाऱ्या माझ्याच पोटी यायच्या होत्या."

८ ऑक्टोबर

ड्रॉइंग घेऊन मिलिंगवाल्या काकांकडे. सगळीकडे कापणीचं तेल सांडलेलं, कोपऱ्यात ॲल्युमिनियमच्या किसाचा ढीग, आणि मशीनच्या वरताण रेडिओ. काकांनी ड्रॉइंग उलटंसुलटं करून बघितलं.

"ह्यात रबर कुठे बसतं?"

"बसत नाही."

"धाकट्या ताईंच्यात बसतं."

म्हणजे तीही इथेच येते! विचारलं तर म्हणाले, "तुमचं त्यांना सांगत नाही, त्यांचं तुम्हाला सांगत नाही. आमचं डॉक्टरसारखं आहे." मग रबराचं कसं सांगितलंत? "रबराचं सांगितलं. बाकी काही सांगितलं का?"

मी विचारलंही नाही. मला काय करायचंय.

१५ ऑक्टोबर

बॉडी आली. हात फिरवला तर कुठे खरखर नाही, कडा अगदी मनासारख्या. दुपारभर बसून प्लेट आवळली, स्विच लावले, वर कीकॅप, म्हणजे बटणांच्या टोप्या, चढवल्या. पहिलं बटण दाबलं.

टण्ण.

एकेक बटण दाबलं की बॉडी मागून गुणगुणते. स्पेसबारला तर शाळा सुटल्यासारखं वाटलं. तरी पंडितला रेकॉर्डिंग पाठवलं. लपवायचं कशाला? त्याचं उत्तर आलं, "भांडी पडली का?" आणि त्याखाली नुसतं, "रबर."

आता तर मुळीच नाही.

१६ ऑक्टोबर

रबर नाही.

१९ ऑक्टोबर

दिवसभर टाइप करून करून आवाज कुठून येतो ते शोधत होते. आवाज सापडला नाही, डावी करंगळी मात्र आखडली. आमच्या पहिल्या बॉडीच्या वेळी ती व्हाइसच्या पकडीत सापडली होती. तेव्हापासून पुरती सरळ होत नाही, जोर तर धरतच नाही. दिवस मावळला की 'ए' दाबताना डोळ्यांत पाणी येतं. घराबाहेर कोणाला माहीत नाही आणि कळायचं कारणही नाही.

आईने गरम पाण्याचं भांडं आणून ठेवलं. म्हणाली, "अगं, मग तेवढीच बटणं हलकी करून घे ना."

साधी बाई, पण नेमकं बोलते. करता येतं. करंगळीखालच्या स्विचांत बारीक तारेच्या स्प्रिंगा घातल्या की झालं. पण करणार नाही. माझं एक बोट अधू म्हणून अख्खा कीबोर्ड लंगडा करू? कीबोर्ड पारखणाऱ्या माणसाला डावं-उजवं सारखं लागलंच पाहिजे. त्याच्या बोटाला एक बटण जरी लुळं लागलं तरी डिझाइन बाद. बोटाने सोसावं. बोट माझं आहे, तक्रार कोणाकडे करणार?

२५ ऑक्टोबर

सापडलं!

गुणगुण प्लेटची नव्हतीच, खालच्या पोकळीची होती. पोकळी बुजवायची, पण फोमने नाही. पितळेने. बॉडीचा तळच पितळेचा करायचा, जाड, आतपर्यंत भरत जाणारा. काकांना सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले.

"वजनाची काही कल्पना आहे?"

"चोर नेणार नाही."

"चोर नाही नेणार. तुम्ही कशा न्याल?"

पण पितळ कापायला घेतलं त्यांनी. कुरकुर करतात, काम अडवत नाहीत.

१ नोव्हेंबर

ठक.

बस. एवढंच. मागून काही नाही, पुढून काही नाही. सगळी बटणं दाबून बघितली, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. ठक, ठक, ठक. रडायला आलं. रडले नाही, कारण आई आतून म्हणाली, "आज डोकं उठत नाहीये. बिघडला का गं तो?"

पंडितला पाठवलं. त्याचं उत्तर, "पुन्हा पाठव." पुन्हा पाठवलं. मग, "हं."

पंडितचं 'हं' म्हणजे दुसऱ्याने खांद्यावर घेऊन नाचण्यासारखं आहे. आता बोल म्हणावं रबर.

५ नोव्हेंबर

रविवारी निवड. पंडितने नियम पाठवले. यंदा डोळे बांधून, आणि कानही बंद. "आवाजावरून सगळे एकमेकांचे कीबोर्ड ओळखतात, मग दोस्ती निभावतात. यंदा फक्त बोटं." सगळ्यांवर एकसारख्याच कीकॅप चढवायच्या. पंच म्हणून मिलिंगवाले काका, कारण पाचही बॉड्या त्यांनीच कापल्यात, त्यांना सगळ्याच लेकी सारख्या. बनवणाऱ्यांनाही एक मत. कोणीतरी विचारलं, ते स्वतःलाच देतील ना? पंडित म्हणाला, ओळखता आला तर खुशाल द्या.

ओळखता आला तर! झोपेतून उठवलं तरी ओळखेन.

आई पुलापलीकडे जाऊन आली. म्हणाली, "धाकटी विचारत होती तुझ्याबद्दल."

"काय?"

"ती नव्हती विचारत. पण तिला मी सांगितलं, ताई विचारत होती. मग तुलाही तेच सांगायला नको?"

८ नोव्हेंबर

उद्या. मी जिंकणार. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नम्रपणाचं नाटक करता येणार नाही.

९ नोव्हेंबर

जिंकले.

नीट लिहिते. मंडळाच्या एका सभासदाच्या गच्चीवरची खोली. लांब टेबल, पाच कीबोर्ड, प्रत्येकापुढे एकेक वाडगा. आम्ही सगळे बाहेर. काकांनी सुट्या कीकॅपची पिशवी फिरवली. प्रत्येकाने एक उचलायची, तीच मत म्हणून वाडग्यात टाकायची. माझ्या हाताला लाल एस्केप आली. पंडित म्हणाला, "बघ हं, पळून जाऊ नकोस." मी म्हटलं, मी पळणारी नाही, पळवणारी आहे. धाकटी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती. बघून न बघितल्यासारखं. खरंच बारीक झालीये.

एकेकाला डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर वर्कशॉपमधली ती मोठी कानझाकणी लावून आत न्यायचे. काका मनगट धरून एकेका कीबोर्डवर हात ठेवून देत. सगळे आत जाऊन आल्यावर पट्ट्या सोडून सगळ्यांना एकदम आत बोलावलं. माझा वाडगा काठोकाठ! काकांना मोजावंसुद्धा लागलं नाही. पंडित पुढे आला, हात जोडले आणि म्हणाला, "रबराचा शब्द मागे घेतो." सगळ्यांदेखत. त्याच्या तोंडून हे ऐकायला मी आणखी एक पितळेचा तळ उचलून चार जिने चढले असते.

मग तो धाकटीच्या कीबोर्डवर बोटं फिरवत म्हणाला, "हाच तुझ्या तोडीचा होता. पण डावीकडची बटणं लुळी आहेत. चुकीच्या स्प्रिंगा गेल्यात. असली चूक हिच्याकडून?" धाकटी आपल्या वाडग्यातल्या कीकॅप वेचत होती. मी मनात म्हटलं, डबा उचलून नेताना ऐट होती, निदान स्प्रिंगा तरी बघून घालायच्यास.

सगळ्यांनी अभिनंदन केलं. धाकटीनेही. "छान झालाय, ताई." एवढंच.

एक गोष्ट राहिली. लिहायची नव्हती. पण इथे नाही लिहिणार तर कुठे लिहिणार?

पट्टी बांधून मी पाचही कीबोर्ड पाहिले. चौथ्यावर हात ठेवला आणि बोटं अशी बसली की हसूच आलं. हा! हाच माझा! हात घरी आल्यासारखा. दुसऱ्यांदा तपासायचीही गरज वाटली नाही. एस्केप टाकली आणि बाहेर आले.

आत गेल्यावर बघते तर लाल एस्केप धाकटीच्या वाडग्यात.

कोणाला माहीत नाही. म्हणजे मला माहीत आहे. आणि पिशवीत हात घातला तेव्हा धाकटी समोर होती.

१० नोव्हेंबर

पट्टी घट्ट होती. कान बंद होते. आवाजाशिवाय कीबोर्ड ओळखणं म्हणजे काही खरं नाही. शिवाय सकाळपासून पोटात काही नव्हतं. चूक कोणाचीही होऊ शकते.

निकाल बदलत नाही. एका मताने काही होणार नव्हतं.

माझ्या कीबोर्डवर दिवसभर काम केलं. ठक, ठक, ठक. उत्तम आहे. उत्तमच आहे.

करंगळी दुखतेय.

१२ नोव्हेंबर

काकांकडे जाऊन मंडळासाठीच्या बॉड्यांची सगळी कामं लावून दिली. आता माघार नाही, मला हवीही नाही. माझं डिझाइन लोकांनी निवडलंय. धाकटी म्हणत होती ना, लोकांसाठी बनवत नाहीस म्हणून? आता सांग म्हणावं.

घरी आले तर स्टुलावरच्या घड्यांवर धाकटीचा कीबोर्ड. आई म्हणाली, "ती येऊन गेली. तुझ्यासाठी ठेवलाय म्हणाली. चहासुद्धा घेतला नाही."

वरच्या कोपऱ्यात लाल एस्केप बसवलेली.

हात लावला नाही. टोमणा कळतो मला.

१३ नोव्हेंबर

लावला हात. टाइप केलं. बराच वेळ टाइप केलं आणि करंगळी दुखली नाही.

उघडला. सगळे स्विच एकसारखे, स्प्रिंगा एकसारख्या. फक्त क्यू, ए, झेड आणि त्यांच्या डावीकडच्या बटणांत बारीक तारेच्या. माझ्याच डब्यातल्या. तीनतीनदा बघितलं. ह्यात चुकून काहीही गेलेलं नाही.

फोन केला. म्हटलं, "पंडित काय म्हणेल ते तुला ठाऊक होतं. ह्या स्प्रिंगांनीच हरलीस तू."

म्हणाली, "मग काय करू, ताई? मी जुळवायला शिकले ती तुझ्याच हातांवर. दुसऱ्या कोणाची बोटं मला माहीतच नाहीत."

आईला सांगितलं, स्टुलावरचे कपडे उचल.