कच्चा रंग

रॉदरहॅम, इंग्लंड, १२ नोव्हेंबर २००६

ती. बाबांना नमस्कार.

मी बरा आहे, जेवणही वेळेवर होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब न चुकता घालता ना?

पोलादात नायोबियम नावाचा धातू चिमूटभर घातला की आतले रवे बारीक होतात आणि ताकद वाढते, हे दाखवायला मी इथे आलो. पण पोलाद आधी पुरेसं तापलं तरच तो विरघळतो, नाहीतर घालून न घातल्यासारखा. आमच्या भट्टीचा मीटर तीन वर्षं शंभर डिग्री जास्त दाखवत होता. तो तपासायचं काम माझंच होतं. सगळे नमुने फुकट गेले, बाबा. स्कॉलरशिप डिसेंबरला संपते.

पहिल्याच वर्षी मी भट्टीसमोरचा फोटो पाठवला, तेव्हा तुम्ही लिहिलं होतंत, "रंग कच्चा वाटतो रे, अजून तापू दे." तुम्ही तीस वर्षं फोर्जिंगच्या भट्टीवर पोलादाच्या रंगावरून ताप ओळखण्यात काढलीत, आणि मी तुमचं ते वाक्य लॅबमध्ये सगळ्यांना सांगून हसलो होतो.

आईला यातलं काही सांगू नका. तिने तो फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय, तो तसाच राहू दे. आता तुम्हाला स्वच्छ दिसत असेल. तुम्ही मात्र त्याच्याकडे बघू नका.

तुमचा,
पुष्कर